सर्व स्वीकारा

तंजावूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. भरद्वाज,

आशीर्वाद आहेतच, पण ते पत्राच्या शेवटी घे. आधी माझं ऐक.

पोंगलला तू चार दिवस आलास, पोटभर जेवलास, आणि जाताना माझ्या कॉम्प्युटरचं काय करून गेलास? "आत्या, हा विंडोज रांगतोय. मी लिनक्स घालून देतो. मोकळं सॉफ्टवेअर, कुणाची मालकी नाही, व्हायरस नाही." मी म्हटलं, सरी, घाल. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली चौदा मुख्याध्यापिका म्हणून, पण घरच्या मुलाच्या उत्साहापुढे माझं काही चालत नाही. आता कॉम्प्युटर पळतो, ते खरं. पण पळून जायचं कुठे?

बातमी अशी की पुण्याच्या बोली मंडळानं माझा तंजावरी मराठीचा शब्दसंग्रह छापायचं कबूल केलंय. आपल्या घरांतले अकराशे त्रेचाळीस शब्द, समोर त्यांचा पुण्याच्या मराठीत अर्थ. मुखपृष्ठावर 'संकलन : वसुमती गोपालकृष्ण'. नाव छापून येणार म्हटल्यावर मी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही, इतका आनंद झाला. पण एकतीस जुलैच्या आत सगळं त्यांच्या साच्यात भरून द्यायचं, आणि तो साचा फक्त विकतच्या वर्डमध्ये चालतो. तू वर्डऐवजी घातलेल्या लिब्रेऑफिसात उघडला तर रकाने एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यात 'तपासणी' नावाचं एक बटण आहे. ते दाबल्याशिवाय मंडळाचं संकेतस्थळ फाइल घेत नाही. मी दाबते, काही होत नाही. पुन्हा दाबते, काही होत नाही.

दक्षिण वीथीवरच्या सुब्रमण्यमच्या दुकानात गेले. म्हणाला, "अम्मा, अर्ध्या तासात विंडोज, ऑफिस, दोन्ही टाकून देतो." मी विचारलं, विकत घेतलेलं का? तर नुसता हसला. चोरीचा माल मी घरात येऊ देणार नाही. माझं स्वतःचं रीतसर घेतलेलं ऑफिस होतं, ते तू पुसलंस. त्याची सीडी आणि नंबरचा कागद मी जपून ठेवलाय. आता तूच मार्ग काढ.

घाई का, ते सांगते. यातले पाव शब्द पापनाशमच्या अंबुजा मावशीचे. तुझा बाप लहानपणी चार वर्षं तिच्याकडे राहून शाळेत गेला, त्याला विचार. आता ती एकोणनव्वद वर्षांची आहे. गोठ्यातले, शेतावरचे, चुलीजवळचे शब्द तिच्याइतके कुणाला येत नाहीत. पण तिला देवनागरी येत नाही. आपल्यातले बहुतेक जण लिहितात तशी ती मराठी तमिळ अक्षरांत लिहिते. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. काडी, गाडी, खाडी, काठी, मावशीच्या वहीत सगळं सारखंच दिसतं. म्हणून मी दर शनिवारी बसनं पापनाशमला जाते आणि वहीतला एकेक शब्द तिच्या तोंडून वदवून घेते. घरी आल्यावर तो देवनागरीत टाइप करायचा, असं ठरवलंय. ऑगस्टमध्ये तिचा नातू शेषाद्री तिला मेलबर्नला घेऊन जाणार आहे, कायमची. त्याच्या आत हे झालं पाहिजे.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू "तिथे क्लिक कर, आता इथे" म्हणतोस, मी "तिथे म्हणजे कुठे" विचारेपर्यंत तू पुढे गेलेला असतोस. लिही. कागदावरचं पळून जात नाही. शिवाय पोस्टाला चार दिवस लागतात, तेवढ्यात माझा राग उतरतो.

आता घे आशीर्वाद.
वसुमती आत्या


पुणे,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरून, दुसऱ्यांदा हसत. बाबांनाही वाचून दाखवलं. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "अक्काचं अजून ते शब्दांचं चालूच आहे का?"

पुस्तकाबद्दल तुझं खूप खूप अभिनंदन! पण आत्या, दोष लिनक्सचा नाही गं. साधा तक्ता हवा होता, तिथे त्या मंडळींनी असलं काहीतरी करून ठेवलंय की एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय उघडणारच नाही. तुझे शब्द, तुझी मेहनत, आणि ते द्यायला तू आधी दुकानात जायचं? मी मंडळाला कडक मेल लिहिली. उत्तर एका ओळीचं आलं, "साच्यात बदल होणार नाही." खाली सही, समन्वयक.

ठीक आहे. वर्ड आणू, पण लिनक्स न काढता. वाईन नावाचं एक सॉफ्टवेअर असतं. ते घातलं की विंडोजचे प्रोग्राम विंडोज नसतानाही चालतात. तुझी सीडी आणि नंबर आहेच, म्हणजे चोरीचा प्रश्न मिटला. सोबतच्या दोन पानांवर सगळ्या पायऱ्या लिहिल्यात. एखादी अडली तर पुढे जाऊ नकोस.

तुझा,
भरद्वाज


तंजावूर,
६ मार्च २०२५

भरद्वाजा,

तुझ्या पायऱ्या मी मोठ्यानं वाचत वाचत करत होते, शाळेची सवय. शेजारची वरलक्ष्मी पापड न्यायला आली होती, ती दारातच उभी राहून ऐकत होती. "आधी वाईन घाल. मग नवी बॉटल तयार कर. बॉटल उघडली नाही तर ती काढून टाक आणि पुन्हा वाईन घाल." संध्याकाळपर्यंत अख्ख्या वीथीला कळलं की रिटायर झाल्यावर मुख्याध्यापिका अम्मांना कसला नाद लागलाय. व्यंकटरमण भटजी देवळात मला प्रसाद देताना दोन क्षण थांबले, कळलं ना? असली नावं ठेवतात तरी कशाला तुमचे लोक!

पुढचं ऐक. तिसऱ्या खेपेला वर्ड उघडलं. मी देवापुढे साखर ठेवली, तीच चूक झाली. 'विहीर' लिहिलं तर पहिली वेलांटी सुटून शेजारच्या ह च्या डोक्यावर बसली. 'क्ष'चे दोन तुकडे. रफार कुठल्या अक्षराचा, ते त्यालाच माहीत नाही. तरी मी दात-ओठ खाऊन चाळीस शब्द भरले आणि 'तपासणी' दाबलं. सगळं वर्डच गुल! मागे तुझ्या लिनक्सचं ते निळं डोंगराचं चित्र, शांत. चाळीस शब्दांतला एक राहिला नाही.

हे तीनदा झालं. पोदुम्. पुरे. शनिवारी मावशी मला विचारते, "छापलं का गं?" तिला वाटतं छापायचं म्हणजे आठ दिवसांचं काम. तिला मी काय सांगू, माझ्या भाच्याला कंपन्यांची मालकी आवडत नाही म्हणून तुझे शब्द अडलेत? मला एवढंच लिही, हे होणार की नाही? नसेल होणार तर स्पष्ट सांग, मी दुसरा कॉम्प्युटर बघते.

वसुमती आत्या


पुणे,
१३ मार्च २०२५

प्रिय आत्या,

होणार. माझी जबाबदारी.

वाईनचा नाद सोड. (भटजींना सांग, सुटला.) आता लिनक्सच्या आतच एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, आणि त्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये खरा विंडोज, खरं वर्ड. तुझ्या मशीनबरोबर विंडोजचं लायसन्स आलं होतं, तेच वापरता येईल. फक्त त्याला मेमरी जास्त लागते. सुब्रमण्यमकडून मेमरी वाढवून घे. फक्त मेमरी. बाकी कशाला हात लावू देऊ नकोस त्याला. बाकीचं मी इथून, इंटरनेटवरून, तुझ्या मशीनवर येऊन करतो.

आणि रागावू नकोस गं. मला खरंच वाटलं होतं, तुला सोपं जाईल.

भरद्वाज


तंजावूर,
२७ एप्रिल २०२५

चि. भरद्वाज,

सांगायला आनंद होत नाही, पण चालतंय.

सकाळी लिनक्स सुरू करायचा. त्यात तो खोटा कॉम्प्युटर सुरू करायचा. त्यात विंडोज डोळे चोळत उठतो, तोवर माझी कॉफी गाळून, पिऊन, पेला घासून होतो. मग वर्ड. मग साचा. शाळेत शिपायाला हाक मारली की तो दुसऱ्या शिपायाला पाठवायचा, तसला कारभार. पण वेलांट्या जागेवर बसतात आणि 'तपासणी' दाबलं की खिडकी उघडते, ती मी सगळे शब्द भरून होईपर्यंत मिटून ठेवते. पंधरा दिवसांत साडेतीनशे शब्द घातले. आता मी थेट साच्यातच टाइप करते, वहीत मावशीनं उच्चारलेल्या शब्दापुढे नुसती बरोबरची खूण.

एक सांग, वर्ड माझ्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ का ओढतं? 'कोठें'ला लाल, 'मज'ला लाल, 'ठावें'ला लाल. मी तिकडे बघत नाही. पोरींच्या वह्यांवर मीच एवढ्या लाल रेघा ओढल्या आहेत की मला त्यांची भीती वाटत नाही.

उन्हाळा भयंकर आहे. तुझ्या बापाला म्हणावं, एखादं पत्र लिही. आप्पांनी मला देवनागरी शिकवली आणि त्याला पुण्यानं शिकवली, तरी तो मला वाढदिवसाला फक्त फुलाचं चित्र पाठवतो.

वसुमती आत्या


तंजावूर,
२२ जुलै २०२५

चि. भरद्वाज,

झाले. अकराशे त्रेचाळीस. शेवटचा शब्द काल दुपारी घातला आणि नंतर अर्धा तास नुसती बसून राहिले.

मी उद्या पापनाशमला जाते. दोन ऑगस्टला मावशी निघणार, तोवर तिच्याजवळ राहते. घराची आवराआवर आहे. शेषाद्री सगळ्या भांड्यांना "हे तिकडे मिळतं" म्हणतो आणि ती एकेक पातेलं परत पेटीत घालते. तिचे कान आता अगदीच गेलेत, समोर बसून तोंडाकडे बघत बोललं तरच कळतं तिला. पुस्तकाचं सांगितलं तेव्हा तिनं माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

तेव्हा शेवटचं काम तुझं. मशीन चालूच ठेवून जाते, तिथून त्याच्यावर ये, तपासणी कर, फाइल मंडळाला पाठव. तुझ्यावर रागावले, बोलले, ते सगळं सोडून दे. तू नसतास तर हे झालं नसतं. (तू नसतास तर अडलंही नसतं, पण ते जाऊ दे.)

वसुमती आत्या


पुणे,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

फाइल एकतीसला दुपारी गेली! तपासणीत काही किरकोळ चुका निघाल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. मंडळाकडून लगेच उत्तर आलं, "त्रुटी : शून्य. संकलकाचे अभिनंदन." त्याची छापील प्रत सोबत आहे, फ्रेम करून लाव.

तुझी डिस्क काठोकाठ भरली होती, म्हणून तो खोटा कॉम्प्युटर मी काढून टाकला. आता मशीन परत मोकळं, नुसतं लिनक्स. मावशी नीट पोचल्या का?

भरद्वाज


तंजावूर,
१२ ऑक्टोबर २०२५

भरद्वाज,

मंडळाकडून छपाईपूर्वीची प्रत आली. मी पाकीट देवापुढे ठेवलं, हात धुतले आणि उघडलं. पहिल्या पानावरून तुला लिहून पाठवते, जसं आहे तसं.

कुठे : कुठे.
मला : मला.
माहीत : माहीत.
म्हणून : म्हणून.

डावीकडे आपला शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. पहिली बारा पानं अशीच आहेत. पुढे स्वयंपाकाचे शब्द. आपली 'रसवांगी' आठवते? पोंगलला दोनदा वाढून घेतलीस ती. इथे छापलंय, 'रसवंती : वांग्याची पातळ भाजी'. मावशीच्या गोठ्याच्या शब्दांचं तर काय झालंय, ते मला वाचवत नाही. जिथे त्यांना शब्द सापडला नाही, तिथे जवळपास दिसणारा कुठलाही घातलाय.

अकराशे त्रेचाळीस शब्दांतला आपला एकही शब्द या पुस्तकात नाही. आणि वर माझं नाव, ठळक.

मी मंडळाला फोन केला. समन्वयक म्हणतात, "बाई, आम्ही एक अक्षर बदललेलं नाही. तुमच्याकडून आलं तेच आहे. दुरुस्त्या असल्या तर तीस नोव्हेंबरपर्यंत द्या, नाहीतर आहे तसं छापायला जाईल."

माझ्याकडून काय गेलं, भरद्वाज?

वसुमती


पुणे,
१८ ऑक्टोबर २०२५

आत्या,

सुरुवात कशी करू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. मी केलं.

एकतीस तारखेला 'तपासणी' दाबलं, तर यादी आली, 'अशुद्ध शब्द : ११४३', प्रत्येकापुढे साच्यानंच सुचवलेला शुद्ध शब्द. संकेतस्थळ एकही अशुद्ध शब्द असेल तर फाइल घेत नव्हतं. संध्याकाळी पाचची मुदत. तू पापनाशमला. तिथे दोन बटणं होती, 'एकेक पाहा' आणि 'सर्व स्वीकारा'. मी 'सर्व स्वीकारा' दाबलं.

वाईननं अक्षरं मोडली होती, त्यातलंच काही उरलं असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी यादीतले पहिले दहाएक शब्द पाहिले होते. कोठें, मज, ठावें. मला वाटलं, आत्याच्या चुका आहेत. लहानपणी तू फोनवर बोलायचीस, तेव्हा बाबा नंतर मला सांगायचे, "अक्काचं मराठी अशुद्ध आहे, तू तसं बोलू नकोस." मी तुला मदतच करत होतो, आत्या. तुझी लाज वाचवतोय असं वाटलं मला.

जुनी प्रत नाही. त्याच फाइलवर सेव्ह केलं, आणि ती ज्यात होती तो खोटा कॉम्प्युटर मीच पुसला. जगाला बॅकअप घ्या म्हणून सांगत फिरणारा मी.

तुला फोन केला होता, तू उचलला नाहीस. बरोबर केलंस.

भरद्वाज


तंजावूर,
२७ ऑक्टोबर २०२५

भरद्वाज,

तुझं पत्र आलं. नऊ दिवसांत राग उतरला नाही.

तुझ्या लिनक्सवर मी चिडले, वाईनवर चिडले, मंडळाच्या बटणावर चिडले. यंत्रावर चिडणं सोपं असतं. यंत्राला 'कोठें' कळत नाही, कळायचं कारण नाही. पण तुला? माझ्या मांडीवर बसून 'कोठें जातोस रे' ऐकलेल्या पोराला? तू सहा वर्षांचा असताना माझ्या बोलण्याला हसला होतास, आठवतं? तेव्हापासून मी तुझ्याशी पुण्याचं मराठी बोलते, पुण्याचं मराठी लिहिते. ही सगळी पत्रं तशीच लिहिली, दोनदा खाडाखोड करून. तू हसू नयेस म्हणून. आणि तू काय केलंस? माझ्या चुका सुधारल्यास.

तुझ्या बापानं, सुरेंद्रनं, तुला असं सांगितलं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं नसतं, तर बरं झालं असतं.

आता कामाचं. अकराशे त्रेचाळीसपैकी एक हजार ऐंशी शब्द माझ्या स्वतःच्या तोंडातले आहेत, मावशीनं दिलेल्यांतले मला आधीपासून येणारेही धरून. ते मी पुन्हा लिहीन, नाकी नऊ आले तरी लिहीन. त्रेसष्ट राहतात. ते मावशीचेच, मी पूर्वी कधी ऐकलेलेही नव्हते. वहीत तिची तमिळ अक्षरं आहेत आणि माझी बरोबरची खूण. उच्चार फक्त त्या फाइलमध्ये होता. 'गोठ्याची भिंत' याला तिनं लिहिलेला शब्द कूट वाचावा, कूड वाचावा, खूट वाचावा की गूढ? मला आठवत नाही. सहासष्टाव्या वर्षी एकदा ऐकलेले त्रेसष्ट शब्द मी कसे लक्षात ठेवू?

मावशीला विचारू म्हणशील. फोनवर तिला ऐकू येत नाही. व्हिडिओवर मी दिसले की ती हात वर करून आशीर्वाद देते आणि रडते, शेषाद्रीनं यादी वाचायला पुढे धरली तरी. शेषाद्रीला आपली भाषा येत नाही. पत्र लिहिलं, तर ती तमिळ अक्षरांत वाचणार आणि तमिळ अक्षरांत उत्तर देणार. म्हणजे पुन्हा तेच.

त्या त्रेसष्ट शब्दांची झेरॉक्स सोबत पाठवते, अर्थासकट. तुला तमिळ वाचता येत नाही, माहीत आहे. तरी जवळ ठेव. आपण काय पुसलं, ते माणसाला दिसलं पाहिजे.

वसुमती


पुणे,
८ नोव्हेंबर २०२५

आत्या,

मंडळात जाऊन आलो. समन्वयक टेबलामागून उठायला तयार नव्हते. मी त्यांच्यापुढे पहिलं पान ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. "कुठे म्हणजे कुठे. मला म्हणजे मला." तिसऱ्या ओळीला शेजारच्या टेबलावरच्या बाई हसू दाबायला लागल्या, 'रसवंती'ला त्यांनी डोकंच धरलं. शेवटी लेखी मिळालं, तुझी फाइल साच्याशिवाय, तपासणीशिवाय, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून घेतील. मुदत तीस नोव्हेंबरच.

तू मशीनवर लिब्रेऑफिस उघड. त्याच्या शब्दकोशात नवे शब्द घालता येतात. तू पाठवशील तसे तुझे शब्द मी त्यात घालत जाईन. मग त्यांच्याखाली लाल रेघ येणार नाही. हे आधीच करायला हवं होतं. हेच तर मी लोकांना शिकवतो.

बाबांशी भांडलो. म्हटलं, तुम्ही मला असं का सांगितलंत? त्यांनी टीव्ही मोठा केला. आम्ही आठ दिवस धड बोललेलो नाही. झेरॉक्स मी फोनला दाखवून वाचून घ्यायचा प्रयत्न करतोय. तो जे वाचतो ते मावशींनी लिहिलं असेल असं वाटत नाही, पण दुसरं काय करू?

माफ कर, असं लिहायला हात होत नाही. त्यानं काय होणार?

भरद्वाज


पुणे,
१९ नोव्हेंबर २०२५

अक्का,

माझें पत्र पाहून घाबरूं नको, सगळे बरे आहोंत. आपली भाषा देवनागरीत लिहावयाची मज सवय नाही. तमिळ अक्षरांत लिहिलें असतें तर हात चालला असता, पण मग क कोणता आणि ग कोणता म्हणोन तूं पुन्हा माझ्यावर चिडली असतीस. चुकलें तर सुधारून घे. नको, सुधारूं नको. असूं दे.

माझा लेंक गाढव आहे. मागच्या शनिवारीं तो फोन त्या कागदापुढे धरून बसला होता. फोन वाचावयाचा, हा लिहून घ्यावयाचा. मी पेपर वाचत होतों. चवथ्या का पांचव्या शब्दास तो मोठ्यानें म्हणाला, "गूढ : गोठ्याची भिंत." मजकडून राहवेना. ओरडलों, "गूढ नव्हे रे, कूड! कूड! मावशीच्या गोठ्यास काय भुताटकी होती?" मग मी कागद ओढून घेतले.

अक्का, त्या कुडास मी चार वर्षें शेण लिंपलें आहे. सकाळीं शाळेस जाण्याआधीं मावशी हाक मारावयाची. तें मी विसरलों होतों म्हणालों तर खोटें होईल. विसरलों नव्हतों. काढीत नव्हतों इतकेंच.

तुज सांगतों. बावीसाव्या वर्षीं इथे कारखान्यांत लागलों. पहिल्या दिवशीं कॅन्टीनमध्ये विचारलें, "पाणी कोठें आहे?" तेथें पंचवीस लोक होते. पुढे वर्षभर मी दिसलों कीं कोणी ना कोणी ओरडावयाचा, "कोठें? कोठें?" नांवच पडलें माझें. तेव्हां ठरविलें कीं हें पुन्हा तोंडांतून येऊं द्यावयाचें नाही. पोरास कोणी हसूं नये म्हणोन त्याला तसें शिकविलें. तुझें अशुद्ध आहे, असें सांगितलें. लाज माझी होती, नांव तुझें घेतलें. हें तुझ्यापुढे उभें राहून बोलतां आलें नसतें, म्हणोन लिहितों.

सोबत यादी आहे. त्रेसष्टापैकीं एकसष्ट झाले. मी म्हणत गेलों, भरद्वाज लिहीत गेला, मी पुन्हा तपासलें. त्याचा ढ आणि ड अजून चुकतो. दोन शब्द मजही ठावें नाहींत, ते मावशीनें मी तेथून आल्यानंतर कोणा शेजारणीकडून उचलले असतील. ते तमिळ अक्षरांतच छाप, आणि उच्चार ठावा नाहीं असें खालीं लिही. खोटा उच्चार घालूं नको.

पुस्तकावर माझें नांव कोठेंही येतां कामा नये. येऊं नये म्हणोनच सांगतों, तूं ऐकणार नाहींस हें ठावें आहे.

काल शेवटचे वीस शब्द राहिले होते. पोरास नीट ऐकूं यावे म्हणोन मी मोठ्यानें म्हणत होतों, मावशी म्हणावयाची तसा हेल काढून. स्वयंपाकघरांतून हिनें हाक मारली, "कोण आलंय हो? चहा टाकू का?"

आमच्या लग्नास अडतीस वर्षें झालीं. मी म्हटलें, "कोणी नाहीं, मीच आहें."

तरी ती बाहेर येऊन पाहून गेली.

तुझा,
सुरेंद्र